छापलेली संख्या

५ एप्रिल १९९२ रोजी जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. तिथल्या पद्धतीत पाच टक्क्यांचा उंबरठा आहे. पाच टक्के मतं मिळाली तर पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा, नाही तर काही नाही. रात्री निकालाचा कागद आला. त्यावर ग्रीन पक्षापुढे ५.० असा आकडा होता. काठावर, पण पास. मध्यरात्र उलटल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की खरा आकडा ४.९७ आहे. टक्केवारी छापणारा प्रोग्रॅम दशांशचिन्हानंतर एकच अंक छापत असे, आणि वर्षानुवर्षं तो तसाच वापरात होता. ग्रीन पक्षाच्या जागा गेल्या, वाटप नव्याने झालं आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाला एका जागेचं बहुमत मिळालं.

या गोष्टीत मतं कोणी चुकीची मोजली नव्हती. भागाकार बरोबर होता. ४.९७ ला एका दशांश स्थळापर्यंत राउंड ऑफ केलं तर ५.० हेच उत्तर येतं, आणि सातवीतल्या मुलाने ते लिहिलं तर त्याला पूर्ण गुण मिळतील. बिघडलं ते संख्या आणि तिचं लेखन या दोन गोष्टींच्या मध्ये. संगणकाच्या इतिहासात या मधल्या जागेला फारसा मान नाही. अल्गोरिदमवर पुस्तकं निघतात. छपाई हे किरकोळ काम, ते शेवटच्या ओळीत उरकायचं असतं.

मी अनेक वर्षं प्रोग्रॅमिंग स्पर्धांना बसणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलांबरोबर काम केलं आहे, आणि माझ्यापुढे येणाऱ्या तक्रारींतला मोठा भाग या शेवटच्या ओळीचाच असतो. स्पर्धेची रीत साधी आहे. प्रश्न दिलेला असतो, तुम्ही प्रोग्रॅम लिहून पाठवता, दुसरीकडचा संगणक तो गुप्त चाचण्यांवर चालवतो, आणि तुमच्या प्रोग्रॅमने छापलेलं उत्तर त्याच्याजवळच्या उत्तराशी ताडून पाहतो. या संगणकाला सगळे ‘जज’ म्हणतात. जज कारण सांगत नाही. ‘राँग अ‍ॅन्सर’, एवढंच. मग मूल आपला तर्क तपासत बसतं. एका विद्यार्थिनीने भूमितीचा एक प्रश्न दोन दिवसांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सोडवला होता. तिन्ही पद्धती बरोबर होत्या. तिचा प्रोग्रॅम एका चाचणीत ०.०० ऐवजी -०.०० छापत होता. तिला मात्र एव्हाना वाटायला लागलं होतं की आपल्याला भूमिती येत नाही. माझ्या दृष्टीने या विषयातला खरा तोटा हा आहे, म्हणून त्याच्या इतिहासात शिरावंसं वाटलं.

या स्पर्धांची परंपरा १९७० मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात सुरू झालेल्या सामन्यापर्यंत मागे नेतात. त्यातूनच पुढे आयसीपीसी झाली, आणि १९७७ पासून तिच्या अंतिम फेऱ्या होऊ लागल्या. पुढे स्पेनमधल्या वायादोलिद विद्यापीठाने आपला जज १९९७ च्या सुमारास सगळ्या जगाला खुला केला. आपल्याकडची गेल्या पिढीतली बरीच मुलं त्याच्यावर शिकली. मुंबईच्या डायरेक्टीने कोडशेफ सुरू केलं ते २००९ मध्ये. वायादोलिदच्या जजकडे एक खास निकाल होता: ‘प्रेझेंटेशन एरर’. म्हणजे उत्तर बरोबर, मांडणी चूक. एखादी मोकळी जागा जास्त, शेवटच्या ओळीनंतर एक रिकामी ओळ कमी किंवा जास्त. तेव्हा मुलं या निकालावर चिडत. मला तो सगळ्यांत सभ्य निकाल वाटतो. निदान कुठे बघायचं ते तरी कळायचं. नंतरच्या बऱ्याच जजांनी तो काढून टाकला आणि मोकळ्या जागांकडे काणाडोळा करायला सुरुवात केली. आकड्यांच्या बाबतीत मात्र असा काणाडोळा करणं तितकंसं सोपं नाही.

आता नमुने पाहू. सर्वांत नेहमीचा नमुना असा: उत्तर दहा लाख आहे आणि प्रोग्रॅम छापतो १ई+०६. सी प्लस प्लसमध्ये अपूर्णांकी जातीची संख्या काहीही न सांगता छापली, तर ती सहा सार्थ अंकांतच छापली जाते आणि त्यापलीकडे गेली की घातांकी रूप घेते. मुलाने दहाचा सहावा घात काढण्यासाठी तयार फंक्शन वापरलेलं असतं, ते अपूर्णांकी जातीचं उत्तर देतं, आणि मग हे होतं. १२३४५६७ चं होतं १.२३४५७ई+०६. जज उदार असला, म्हणजे दहा लाखांत एक इतकी सापेक्ष चूक चालवून घेणारा असला, तरीही इथे भागत नाही. तीनचा फरक बारा लाखांत म्हणजे दहा लाखांत दोनहून थोडा जास्त. सहा हा आकडा सी भाषेतल्या प्रिंटएफकडून आलेला वारसा आहे. चार बाइटच्या अपूर्णांकी संख्येत दशमान पद्धतीचे सहा अंक खात्रीने मावतात, त्याच्याशी तो जुळतो. आज जवळजवळ सगळे आठ बाइटच्या संख्या वापरतात, पण आपण न सांगता मिळणारा तो सहाचा आकडा तिथेच बसून आहे.

दुसरा नमुना मोठ्या पूर्णांकांचा. २०१० मध्ये रशियातल्या सारातोवहून सुरू झालेलं कोडफोर्सेस विंडोजवर चालत असे. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात चौसष्ट बिटांची संख्या छापायला एक खूण ठरली होती, पण मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीची खूण वेगळी होती. प्रमाण खूण दिली की ती लायब्ररी संख्येचे खालचे बत्तीस बिट तेवढे छापायची. एक हजार कोटी छापायला सांगितले की यायचे १४१००६५४०८. त्या काळी स्पर्धेला बसलेल्या कोणालाही हा आकडा दाखवा, तो ओळखीचं हसेल. यात शिकण्यासारखं फार नाही. दोन कारखान्यांनी नटबोल्टचे आटे वेगळे ठेवले, एवढंच.

मुळात ‘छापण्याची खूण’ ही कल्पना कुठून आली? एप्रिल १९५७ मध्ये आयबीएमने आपल्या ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान ही भाषा ग्राहकांच्या हाती दिली. तिच्यात फॉरमॅट नावाचं विधान होतं. किती रकाने, त्यातले किती दशांशचिन्हानंतर, घातांकी रूप हवं की साधं, हे सगळं त्यात सांगायचं. संख्या एकीकडे, तिचं लेखन दुसरीकडे, आणि दोघांमध्ये करार. छपाईयंत्राचंही एक चमत्कारिक कलम त्या करारात होतं. ओळीचं पहिलं अक्षर छापलं जात नसे, तो कागद सरकवण्याचा हुकूम मानला जाई, आणि १ आला की नवं पान. डावीकडे एक रकाना रिकामा सोडायला विसरलात, तर संख्येतला पहिला १ गिळला जाऊन कागदाचा गठ्ठा पानापानाने उलगडत जायचा.

नेमून दिलेल्या रकान्यात संख्या मावली नाही तर काय करायचं, या प्रश्नाला दोन भाषांनी दिलेली उत्तरं मला फार बोलकी वाटतात. फोरट्रानच्या १९७७ च्या प्रमाणाने सांगितलं की संख्या छापूच नका, सगळा रकाना तारकांनी भरा. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये घडलेल्या सीने सांगितलं की सांगितलेली रुंदी ही किमान रुंदी. संख्या मोठी असेल तर ती पूर्ण छापा, तक्ता मोडला तरी चालेल. फोरट्रान तक्ता राखते आणि आकडा नाही म्हणून कबूल करते. सी आकडा राखते. दोन्ही प्रामाणिकच आहेत. दोघींपैकी कोणीही श्लेस्विग-होल्श्टाइनचा आकडा वाचवला नसता, कारण दशांशानंतरचे अंक कमी पडले तर दोघीही निमूट राउंड ऑफ करतात.

साठच्या सुमाराला आलेल्या कोबॉलने तिसरीच वाट धरली. तिच्यात संख्येचं चित्रच काढायचं: इथे अंक, इथे स्वल्पविराम, इथे अंक नसेल तर मोकळी जागा. स्वल्पविराम हे नुसतं घुसवायचं चिन्ह, ते कुठेही ठेवा. त्यामुळे लाख-कोटीच्या पद्धतीने रक्कम छापणं कोबॉलमध्ये आपोआप जमायचं. नंतर आलेल्या, स्वतःला आधुनिक म्हणवणाऱ्या जावाच्या ठरावीक वर्गात ते जमत नाही. तो फक्त शेवटच्या गटाची रुंदी बघतो आणि तीच पुढे चालवतो, म्हणून १,००,००० चं १००,००० होतं. सीच्या १९८९ च्या प्रमाणात मात्र गटांची यादी देण्याची सोय आहे, आधी तीन आणि मग दोन-दोन. त्या समितीतल्या ज्या कोणी ही सोय ठेवली, त्याचे आपण आभारी असायला हवं.

आता त्या नमुन्याकडे येऊ, ज्यावर मुलांशी सर्वांत जास्त वाद होतात. २.६७५ दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा. शाळेचा नियम सांगतो २.६८. संगणक छापतो २.६७. मुलं म्हणतात भाषेत बग आहे. बग नाही. संगणकाजवळ २.६७५ ही संख्या नसतेच. त्याच्याजवळ असते २.६७४९९९९९९९९९९९९८२ आणि त्यापुढे आणखी काही अंक, कारण बायनरीत २.६७५ नेमकी मावत नाही. छपाई त्या खऱ्या संख्येशी प्रामाणिक राहते. ०.१ सुद्धा मावत नाही. बायनरीत ती आवर्ती अपूर्णांक होते, जशी दशमानात एक तृतीयांश होते.

इथे मला आपल्या जुन्या हिशेबाची आठवण होते. आमच्या आधीच्या पिढ्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करत. औट म्हणजे साडेतीन. मोडी आणि बाळबोध कागदांत सव्वा लिहायचा १।, दीड १॥, पावणेदोन १॥।. पूर्णांकानंतर उभ्या रेघा, रेघेमागे एक पाव. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. म्हणजे सगळा व्यवहार दोनाने भाग देत देत चाललेला. हे बायनरीच आहे. आणा म्हणजे ०.०६२५ आणि जुना पैसा म्हणजे ०.०१५६२५. दोन्ही संगणकात तंतोतंत बसतात. पै मात्र बसत नाही, कारण आण्याच्या बारा पै, आणि बारात तीन आले. नंतर १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्या शंभरांपैकी शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंच्याहत्तर या चारच रकमा बायनरीत अचूक लिहिता येतात, उरलेल्या शहाण्णव येत नाहीत. ज्या महिन्यात फोरट्रान बायनरी यंत्रावर लोकांच्या हाती आली, त्याच महिन्यात आपण बायनरी नाणी सोडली. हा निव्वळ योगायोग आहे, आणि दशमान नाणी आणणं योग्यच होतं. तरी आजोबांचा चोपड्यांचा हिशेब संगणकाला आपल्यापेक्षा सोपा गेला असता, हे मला गमतीचं वाटतं.

जिथे संख्या खरोखर मध्यावर असते, तिथला वाद वेगळा आहे. ०.१२५ बायनरीत तंतोतंत बसते. दोन स्थळांपर्यंत लिहायची तर ०.१२ की ०.१३? दोन्ही सारख्याच अंतरावर. विल्यम कहान यांच्या पुढाकाराने घडलेल्या १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या प्रमाणाची मूळ निवड आहे सम अंकाकडे जाण्याची, म्हणजे ०.१२. कारण पाच नेहमीच वर ढकलला तर मोठ्या बेरजांमध्ये पारडं एका बाजूला झुकत जातं. लिनक्सवरची छपाई हाच नियम पाळते. विंडोज मात्र अशा वेळी वर जायची, ०.१३. घरच्या संगणकावर उत्तर नमुन्याशी जुळायचं, जजवर जुळायचं नाही, किंवा उलट. २०२० मध्ये विंडोज १० च्या एका आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनेही प्रमाण स्वीकारलं. म्हणजे कित्येक वर्षं जगातले दोन मोठे कारकून अडीचचं पूर्णांकात रूपांतर वेगवेगळं लिहीत होते, एक दोन, एक तीन, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता.

पारडं झुकतं म्हणजे किती, याचं उदाहरण व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने दिलं. जानेवारी १९८२ मध्ये तिथे १००० पासून नवा निर्देशांक सुरू झाला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढून तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवत. राउंड ऑफ करून नव्हे, पुढचे अंक नुसते तोडून. दिवसाला हजारो वेळा हजारांशाचा तुकडा गळत राहिला. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास होता. दुरुस्त करून पाहिला तो १०९८.८९२ निघाला. (या प्रकारच्या लेखांत इथे पेट्रियट क्षेपणास्त्राची गोष्ट येते. ती मी गाळतो. तो दोष मोजमापाचा होता, छपाईचा नाही.)

मुलं या सगळ्यावर एक तोडगा काढतात: छापण्याआधी संख्येत एक अब्जांश मिळवायचा. बहुतेकदा चालतं. मला तो आवडत नाही, कारण तो ज्या प्रश्नावर चालत नाही तिथे का चालला नाही हे मग कधीच कळत नाही. खरी जबाबदारी प्रश्न रचणाऱ्याची आहे. त्याने उत्तर मध्यावर येईल अशी चाचणी ठेवू नये, किंवा पूर्णांकांत उत्तर मागावं. आता जाणते परीक्षक दहा लाखांत एक इतकी चूक मान्य करून उत्तर संख्या म्हणून वाचतात, अक्षरं म्हणून ताडत नाहीत. हा बदल घडायला बराच काळ गेला.

आणि -०.००. त्या मुलीच्या प्रोग्रॅममध्ये काय होत होतं? कोनाच्या ज्येवरून काढलेलं उत्तर गणिताने शून्य यायला हवं होतं, यंत्रात ते उणे आणि अतिशय बारीक आलं. दोन स्थळांत छापताना अंक शून्य झाले, उणे चिन्ह उरलं. शिवाय यंत्रात उणे शून्य अशी स्वतंत्र संख्याही असते. कहान यांनी ती मुद्दाम राखली. शून्याकडे कुठल्या बाजूने आलो ही माहिती संमिश्र संख्यांच्या गणितात लागते, असं त्यांचं म्हणणं. १९८७ च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी शेक्सपियरच्या नाटकाच्या नावावर कोटी केली आहे, शून्याच्या चिन्हावरून उगाच गलका अशा अर्थाची. हवामानाच्या नोंदींतही तापमान गोठणबिंदूच्या जरा खाली असेल तर उणे शून्य लिहिण्याची पद्धत आहे. तिथे ते चिन्ह खरी माहिती देतं. गंमत म्हणजे भाषांना हे चिन्ह झाकण्याची अधिकृत सोय द्यायला फार उशीर लागला. पायथॉनमध्ये ती २०२२ च्या ३.११ आवृत्तीत आली. त्याआधी प्रत्येकाने आपापला ‘उणे शून्य असेल तर शून्य कर’ लिहायचा.

पायथॉनचीच आणखी एक गोष्ट. २००९ पूर्वी तिथे ०.१ लिहिलं की समोर ०.१०००००००००००००००१ यायचं. सतरा अंक छापले की संख्या परत वाचताना तीच मिळेल याची हमी असते, म्हणून सतरा. पण परत वाचल्यावर तीच संख्या मिळेल असं सर्वांत आखूड लेखन शोधता येईल का? गाय स्टील आणि जॉन एल व्हाइट यांनी यावर सत्तरच्या दशकात काम सुरू केलं आणि त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला १९९० मध्ये. त्याच परिषदेत विल्यम क्लिंजर यांनी उलटा प्रश्न सोडवला, लिहिलेली संख्या बिनचूक वाचायची कशी. त्यानंतर २०१० मध्ये फ्लोरियन लोइत्श, २०१८ मध्ये उल्फ अ‍ॅडम्स यांनी ते काम कितीतरी वेगवान केलं. जावातला याच जातीचा जुना दोष २०२२ मध्ये सुटला. संख्या नीट लिहिणं हा प्रश्न २०१८ मध्येही संशोधनाचा विषय होता, हे मुलांना सांगितलं की त्यांचा चेहरा जरा बदलतो.

खरं तर हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसीने दहाव्या शतकात हिंदू अंकगणितावर ग्रंथ लिहिला, त्यात पूर्णांक संपतात तिथे खूण केलेली आढळते. युरोपात सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये दशांशावर एक छोटी पुस्तिका काढली. तारे पाहणारे, जमीन मोजणारे, कापड आणि दारूची पिंपं मोजणारे अशांना ती अर्पण केलेली होती. २७.८४७ ही संख्या तो २७ नंतर वर्तुळातला शून्य, ८ नंतर वर्तुळातला एक, ४ नंतर दोन, ७ नंतर तीन अशी लिहायचा. नेपियरच्या लेखनात टिंब आलं. १६९८ मध्ये लाइब्निझने गुणाकारासाठी टिंब सुचवलं, कारण फुली आणि एक्स या अक्षरात गोंधळ होतो. युरोपात टिंब गुणाकाराकडे गेलं आणि दशांशाला स्वल्पविराम राहिला. इंग्रजांनी टिंब ठेवलं आणि ते आपल्याकडे आलं. २००३ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं की दशांशचिन्ह टिंब असो वा स्वल्पविराम, दोन्ही चालतील. चारशे वर्षांनी झालेली ही तडजोड. जर्मन मांडणीच्या संगणकावर ३.१४ वाचायला दिलं की काही प्रोग्रॅम ३ वर थांबतात, ते याच भांडणाचं शेपूट.

वायादोलिदच्या संग्रहात १०१०१ क्रमांकाचा एक प्रश्न आहे, ‘बांगला नंबर्स’. दिलेली संख्या कोटी, लाख, हजार, शत अशा शब्दांत लिहायची. संख्या पंधरा अंकांपर्यंत असू शकते, आणि बंगाली बोलीतल्या व्यवहारात कोटीच्या वर नाव नाही, म्हणून कोटींचे पुन्हा कोटी करायचे. १२३४५६७८९०१२३४५ म्हणजे १ कोटी २३ लाख ४५ हजार ६ शत ७८ कोटी ९० लाख १२ हजार ३ शत ४५. फार सुरेख प्रश्न आहे. स्वतःला स्वतःतच बोलावणारं फंक्शन शिकवायला मी तो नेहमी देतो. युरोपातल्या मुलाला हा प्रश्न नवा, आपल्याकडच्या मुलाला तो आजीकडून येतो. तरीही आपली मुलं त्यात अडकतात, आणि अडकतात ती दोनच ठिकाणी. संख्या शून्य असली तर काहीच छापलं जात नाही. आणि प्रत्येक उत्तरापुढचा अनुक्रमांक चार रकान्यांत उजवीकडे सरकवून छापायचा असतो, ते लक्षात राहत नाही. कोटींच्या कोटी बरोबर, अनुक्रमांकापुढच्या तीन मोकळ्या जागा चूक.

आपल्या परंपरेत कोटीच्या वरची नावं आहेत. एकं दहं शतं करत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी अठरा स्थानं भास्कराचार्यांच्या लीलावतीत येतात. संगणकाच्या चौसष्ट बिटांच्या पूर्णांकात अठरा अंकांची कोणतीही संख्या मावते, एकोणीस अंकांची प्रत्येक मावत नाही. परार्धापर्यंत निर्धास्त राहा, असं मी वर्गात सांगतो.

मराठीपुरता एक नमुना उरला. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांना ०९६६ पासून पुढच्या दहा जागा आहेत, आणि कोणत्या भाषेत संख्या कशा दिसाव्यात याच्या सामायिक माहितीत मराठीसाठी मूळ निवड देवनागरी अंकांची आहे. हिंदीसाठी ती इंग्रजी अंकांची आहे. त्यामुळे फोनची भाषा मराठी केली की जावात लिहिलेल्या अ‍ॅपमध्ये संख्येचा मजकूर करणारं नेहमीचं फंक्शन, भाषा वेगळी सांगितली नसेल तर, ५ ऐवजी ‘५’ हे देवनागरी अक्षर देतं. पडद्यावर ते छान दिसतं. पण तोच मजकूर अ‍ॅपने पुन्हा संख्या म्हणून वाचायला घेतला की दोन रस्ते फुटतात. जावात पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं. अपूर्णांक वाचणारं वाचत नाही. म्हणजे ‘१२’ चालतं, ‘१२.५’ वर अ‍ॅप बंद पडतं. बनवणाऱ्याच्या फोनची भाषा इंग्रजी असते, त्याला हे कधी दिसत नाही. त्याच्याकडे तक्रार जाते ती मराठीत फोन वापरणाऱ्याकडून, बहुधा कोणाच्या तरी आईकडून, आणि तिला उत्तर मिळतं की फोनची भाषा इंग्रजी करून बघा. अ‍ॅप कोसळताना मागे जी ओळ सोडून जातं, तिच्यात या चुकीचं जावातलं नाव असतं: नंबर फॉरमॅट एक्सेप्शन.